खर्जरावांचा महागडा डबा

खर्जराव दात करायचे. म्हणजे लोकांचे. दंतवैद्यांकडून हिरड्यांचे छाप यायचे. ते प्लास्टरमध्ये ओतायचे, त्यावर मेणात एकेक दात लावत कवळी उभी करायची, मग घासून, चकाकी आणून परत पाठवायची. एकतीस वर्षं हेच काम. अरुंद खोली, खिडकीजवळचं टेबल आणि भिंतीवरच्या फळ्यांवर आ वासून बसलेले शंभरेक जबडे. नवा माणूस आत पाऊल टाकताना हमखास दचकायचा. खर्जरावांना मात्र ती सगळी मंडळी ओळखीची वाटायची. "हे गृहस्थ फक्त डावीकडून चावतात," असं एखादा जबडा उचलून ते सांगत, आणि जन्मात न भेटलेल्या त्या गृहस्थांविषयी त्यांच्या आवाजात माया असे.

खर्जराव हे आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते डबल बेस वाजवायचे. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचं, उभं धरून बोटांनी छेडायचं वाद्य. सगळ्यांत खालचे सूर त्याचे, म्हणून वाद्यवृंदातल्या मंडळींनी यांना खर्जराव केलं. आवाजही तसाच होता. ते फोनवर बोलले की पलीकडचा माणूस म्हणायचा, "जरा मोठ्यानं बोला, नुसतं गुरगुरल्यासारखं येतंय."

वाद्य लग्नाच्या आधी दोन वर्षं घरात आलेलं. त्यामुळे बायकोनं त्याचं नाव थोरली ठेवलं होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि बोलायला एकदम रोखठोक. "अहो, तुमच्या थोरलीला जरा सरकवा, मला झाडायचंय." "थोरलीला घेऊन निघालात वाटतं? बरं बरं, आम्ही धाकट्या आपल्या मागून येतो." टॅक्सीत थोरली पुढच्या सीटवर आडवी व्हायची, खर्जराव मागे तिची मान धरून बसायचे, आणि बायको खरोखरच बसनं मागून यायची.

वाद्यवृंद चौघांचा. टपाल खात्यातून निवृत्त झालेले मास्तर कीबोर्डवर, आणि तेच सगळ्यांचे म्होरके. गायिकेचं औषधांचं दुकान होतं. ड्रम वाजवायचा तो बेकरीवाला. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी गावच्या सभागृहात कार्यक्रम, एरवी कुणाचा निरोपसमारंभ, कुठल्या वाचनालयाचा वाढदिवस, असं चालायचं.

एका रविवारी कार्यक्रम आटोपून घरी आल्यावर खर्जरावांनी नेहमीसारखं विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं. गायिकेचा आवाज काय लागला होता आज!"

"आणि माझं?"

बायको चपला काढता काढता थांबली. "तुमचं काय?"

"म्हणजे, वाजवणं."

"खरं सांगू का? रागावू नका हं. अठ्ठावीस वर्षं मी तुम्हाला वाजवताना बघतेय. ऐकलं मात्र कधीच नाही. बोटं हलताना दिसतात, मान डोलताना दिसते. आवाज म्हणाल तर काही नाही."

खर्जराव हसले. पण ते हसणं गळ्याखाली उतरलं नाही. कुणीतरी त्या दिवसाचा कार्यक्रम फोनवर टिपून पाठवला होता. ते खिडकीपाशी जाऊन फोन कानाला लावून बसले. कीबोर्ड होता, ड्रम होता, गायिका तर होतीच. तिसऱ्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला होता, तोसुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. खर्जराव तेवढे नव्हते.

"ठसकेवाला बरा," ते म्हणाले. "त्याची निदान नोंद तरी झाली."

त्यानंतरच्या महिन्यात सभागृहात नवी साउंडवाली बाई आली. चाळिशीची, केस आखूड, खिशात कायम एक छोटी बॅटरी आणि पक्कड. कार्यक्रम चारला होता, मंडळी अकराला जुळवाजुळव करायला आली. आधीचा साउंडवाला मागच्या टोकाला, आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरपाशी बसून तिथूनच ओरडायचा, "बास, बास, येतंय!" ही बाई उठून थेट स्टेजवर आली.

"काका, जरा वाजवा."

खर्जरावांनी वाजवलं. तिनं थोरलीच्या पोटाला कान लावला. मग मिक्सरपाशी जाऊन ऐकलं, परत आली, परत कान लावला. तोंड वाकडं केलं.

"लाकडात एवढा सुंदर आवाज आहे आणि तिकडे येतोय तो सर्दी झालेल्या माणसाचा. नाकातून बोलल्यासारखा. मी तुमचा आवाज कमीच ठेवला असता, नाहीतर लोकांनी कानात बोटं घातली असती. तुमच्या आधीच्या माणसानंही तेच केलं असणार."

"म्हणजे इतकी वर्षं माझा आवाज बंदच होता?"

"बंद नाही. लाजेपुरता होता."

मग तिनं वायरचा माग काढला. थोरलीच्या तारा उचलून धरणाऱ्या घोडीखाली नाण्याएवढं पिकअप चिकटवलेलं होतं, म्हणजे लाकडाची थरथर पकडून तिची वीज करणारी चकती. तिथून वायर निघून जमिनीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात शिरत होती. निळा रंग उडालेला, एका कोपऱ्याला पोचा आलेला, चिकटपट्टीनं बांधलेला डबा. तो वाद्यवृंदात कुणी आणला हे कुणालाच आठवत नव्हतं.

"हाच तो," साउंडवाली म्हणाली. "काका, इथून मिक्सर तीस मीटरवर. पिकअपचा आवाज एवढ्या लांब धडपणे पोचत नाही, वाटेत खरखर गोळा करतो. म्हणून मध्ये असा डबा लावतात, डी.आय. म्हणतात. तो आवाजाला लांबच्या प्रवासाला तयार करतो. पण तुमचं पिकअप आहे नाजूक. हा डबा त्याच्यावर इतका भार टाकतो की खालचे सूर आधीच दबून जातात. पुढे मी कितीही बटणं फिरवली तरी जे आलंच नाही ते कुठून आणू?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. बेकरीवाला घड्याळाकडे बघत होता. पण खर्जरावांचे डोळे चमकले.

"छापासारखं!" ते म्हणाले. "छाप घ्यायचा मसाला घट्ट असला की हिरडी दबते. मग कवळी त्या दबलेल्या हिरडीची होते आणि तोंडात काही बसत नाही. पातळ, मऊ मसाला घेतला की हिरडी जशी आहे तशी उतरते."

"अगदी तस्संच," साउंडवाली म्हणाली, आणि दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की जणू एका गावचे निघाले.

तिच्याकडे तिचा स्वतःचा एक डबा होता. काळा, जड, विटेएवढा, मखमली पिशवीत ठेवलेला. तिनं तो जोडला, मागे गेली आणि हात वर केला. खर्जरावांनी सगळ्यांत जाड तार ओढली.

स्टेजच्या फळ्या गुणगुणल्या. बेकरीवाल्यानं दचकून ड्रमवरचा हात काढला, त्याला वाटलं आपलाच हात कशाला तरी लागला. गायिका पाण्याची बाटली तोंडाला लावून तशीच उभी राहिली. खर्जरावांनी दुसरी तार छेडली, मग तिसरी. भिंतीकडून परत येणारा तो गोल, भरीव, उबदार आवाज आपला आहे हे त्यांना पटेना. त्यांनी एकदा नुसतीच बोटं हवेत हलवून पाहिली. आवाज आला नाही. म्हणजे आपलाच होता.

"केवढ्याला येतो हा?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. खर्जरावांचा एका महिन्याचा पगार.

"डब्याला?"

"डब्याला."

चारला कार्यक्रम सुरू झाला. सभागृह निम्मंअधिक भरलं होतं, बायको नेहमीच्या जागी सातव्या रांगेत. पहिली दोन गाणी अशी झाली की मास्तरसुद्धा मान हलवायला लागले. तिसरं नावाड्याचं गाणं, संथ लयीचं, मंडळींचं सगळ्यांत जुनं. त्यात कडव्याच्या शेवटी सगळे एका सुरावर येऊन थांबतात. मास्तर थांबले पंचमावर. गायिका थांबली पंचमावर. आणि खर्जराव, गोल, भरीव, उबदार आवाजात, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असे थांबले मध्यमावर.

गायिकेनं मान वळवली. मास्तरांना वाटलं चूक आपलीच, म्हणून दुसऱ्या कडव्याला ते घाईघाईनं मध्यमावर गेले. तेवढ्यात गायिकेनंही जुळवून घ्यायला सूर खाली आणला. खर्जरावांनी तिचा चेहरा पाहून घाबरून पंचम पकडला. तिसऱ्या कडव्याला कोण कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. बेकरीवाला तेवढा डोळे मिटून मजेत वाजवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा विचार करून.

पडद्यामागे गेल्यावर मास्तर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "तो मध्यम कुणाचा?"

"माझा," खर्जराव म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला वाटलं तिथे तोच आहे."

"एकवीस वर्षं तुम्ही तिथे मध्यम वाजवताय?"

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत."

"ऐकू आला असता तर बोललो असतो ना!"

गायिकेला हसू आवरेना. तिनं रुमाल तोंडाला लावला. मास्तर मात्र गंभीर होते. त्यांचं म्हणणं, जुना डबा बरा होता. वाद्यवृंदाची अब्रू झाकलेली होती. ज्याचं त्याला परत करावं, पत्र्याचा निळा डबा जोडावा आणि सुखानं राहावं. खर्जराव मान खाली घालून थोरलीला खोळ चढवायला लागले.

बायको आत आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ऐकलं आज," ती म्हणाली.

"माहितेय. चूक सगळ्यांनीच ऐकली."

"चूक ऐकली, हो. पण त्याआधीची दोन गाणी पण ऐकली. अहो, तुम्ही असं वाजवता?" तिनं डोळे टिपले आणि लगेच मास्तरांकडे वळली. "मास्तर, चूक झाली तर सुधारता येते. मी रोज चाळीस मुलांच्या सुधारते. त्यासाठी कुणाचा आवाज बंद करत नाही मी."

मास्तरांनी टपाल खात्यात भले भले अधिकारी पाहिले होते. पण या बाईंपुढे त्यांचं काही चाललं नाही.

तरी खर्जरावांचं मन तयार होईना. महिन्याचा पगार म्हणजे थट्टा नव्हे. पंधरा दिवस ते कवळ्या घासता घासता डब्याचाच विचार करत होते. एका गृहस्थाच्या कवळीत अठ्ठावीसच्या जागी एकोणतीस दात लावून ठेवले, ते डॉक्टरांनी परत पाठवले. शेवटी त्यांनी साउंडवालीला घरी बोलावलं आणि सरळ विचारलं, "माझ्या जागी असतीस तर घेतला असतास का?"

"काका, हा सगळ्यांनी घ्यावा असा नाही. ऐकून ठरवा. पण बघून नाही, नुसतं ऐकून."

मग बाहेरच्या खोलीत एक चादर दोरीवर टाकून पडदा केला. साउंडवालीनं एक स्पीकर आणि तीन डबे आणले होते: जुना निळा, एक मध्यम किमतीचा आणि तिचा काळा. पडद्याआड ती वायरी बदलणार, बाहेर बसलेल्यांनी कुठला डबा ते ओळखायचं. बायकोनं वही घेतली, रकाने आखले आणि परीक्षा असल्यासारखं सगळ्यांना एकमेकांपासून लांब बसवलं. "कुजबुज चालणार नाही. बेकरीवाले, मास्तरांच्या कागदात बघू नका."

आधी मास्तरांचा कीबोर्ड, निळ्या आणि काळ्या डब्यातून. खर्जराव काळा डबा घेणार तर आपल्यालाही एक हवा, असं त्यांच्या मनात आलंच होतं. म्होरक्याकडे निळं डबडं कसं शोभेल? दहा वेळा वाजवून झालं. बायकोनं वही तपासली.

"मास्तर, दहापैकी चार. डोळे मिटून ठोकून दिलं असतंत तरी पाच आले असते."

"कीबोर्डचा आवाज मुळातच दणकट असतो," पडद्याआडून साउंडवाली म्हणाली. "त्याला साधा डबा पुरतो. फक्त कोपऱ्यातली चिकटपट्टी बदला."

मास्तरांनी नाक मुरडलं, पण खिसा वाचल्याचं समाधान लपलं नाही.

मग थोरली. खर्जरावांनी वाजवायचं आणि ओळखायचंही. निळा आणि काळा यांत दहापैकी दहा, सगळ्यांचे. ज्याला स्वतःच्या ड्रमपलीकडे काही ऐकू येत नाही असा लौकिक होता त्या बेकरीवाल्याचेसुद्धा. त्याला इतका आनंद झाला की त्यानं खर्जरावांच्या बायकोकडे वहीवर सही मागितली.

खरी पंचाईत पुढे झाली. मधला डबा आणि काळा डबा. मास्तर पाच, गायिका सहा, बेकरीवाला तीन, बायको पाच. म्हणजे कुणालाच धड कळत नव्हतं. एकटे खर्जराव नऊ.

"कशावरून ओळखता?" गायिकेनं विचारलं.

"सगळ्यांत जाड तार सोडली ना, की आवाज संपताना. काळ्यात तो हळूहळू बसतो. मधल्यात शेवटी जरासा भुरभुरतो. एवढंच."

"एवढ्यासाठी तिप्पट किंमत?" मास्तर म्हणाले. "तो कुणाला ऐकू जाणार आहे?"

साउंडवाली पडद्याबाहेर आली. "मास्तरांचं बरोबर आहे, काका. मधला घेतलात तर काहीच वाईट नाही. ऐकणाऱ्यांना तो भरपूर झाला. मी खोटं सांगून तुम्हाला खर्चात पाडणार नाही."

खर्जरावांनी मधला डबा उचलला, पुन्हा ठेवला. मग बायकोकडे पाहिलं. ती वही मिटत होती.

"मला काय विचारता? मला पाच मिळालेत," ती म्हणाली. "पण मागच्या दाढांची आतली बाजू कुणाला दिसते हो? तरी तुम्ही ती अर्धा अर्धा तास घासत बसता. डॉक्टर म्हणतात नका करू, तरी करता. मधला घेतलात तर रोज वाजवताना ते शेवटचं भुरभुरणंच ऐकत बसाल आणि माझं डोकं खाल. घ्या काळा."

पुढच्या आठवड्यात काळा डबा आला. खर्जरावांनी तो टेबलावर ठेवून, वास घेऊन, वजन करून पाहिला. बायको म्हणाली, "आता ही तिसरी."

खरा घाम त्यानंतर निघाला. एकवीस वर्षं मध्यमावर जाणारं बोट पंचमावर जाईना. डोक्याला कळत होतं, बोटाला कळत नव्हतं. नावाड्याचं गाणं ते दिवसातून वीस वीस वेळा वाजवायचे आणि एकोणीस वेळा बोट जुन्या घरी जायचं. शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातला उपाय काढला. कवळीच्या गुलाबी मेणाचा तांदळाएवढा ठिपका थोरलीच्या मानेच्या पाठीवर, अचूक पंचमाच्या जागेमागे चिकटवला. बोट घसरत आलं की अंगठ्याला ठिपका लागे आणि ते थांबे. तिसऱ्या आठवड्यात बोट न चुकता जायला लागलं. मग त्यांनी सगळीच गाणी तपासायला काढली आणि चूक एक नव्हती हे निघालं. आणखी चार होत्या. थोरलीच्या मानेला गोवर आल्यासारखे गुलाबी ठिपके उठले.

मास्तर तालमीला यायचे, ठिपके मोजायचे आणि सुस्कारा टाकायचे. पण त्यांच्याही एक गोष्ट ध्यानात आली. खालचा सूर नीट ऐकू यायला लागल्यापासून ते स्वतः डाव्या हातानं उगाच जी भर घालत असत, तिची गरज राहिली नव्हती. डावा हात मोकळा झाला. ते त्या हातानं गायिकेला खुणा करायला लागले, आणि मग काही दिवसांनी गायिकेनं त्यांना तो हात मांडीवर ठेवायला सांगितला.

गायिकेलाही फरक पडला होता. "खाली जमीन लागल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "आधी मी उगाच ओरडत होते." तिनं एक नवं गाणं बसवायला घेतलं आणि सांगून टाकलं, "याची सुरुवात खर्जराव करतील. एकटे. चार आवर्तनं."

"एकटा?" खर्जरावांनी विचारलं. "म्हणजे दुसरं कुणीच नाही?"

"एकटा म्हणजे एकटाच," बेकरीवाला म्हणाला. त्याला चार आवर्तनं विश्रांती मिळणार होती.

ते गाणं होतं त्या रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. असं काही खास कारण नव्हतं, हवा छान होती आणि गायिकेनं दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला औषधाच्या पुडीबरोबर निमंत्रण दिलं होतं. खर्जराव कडक इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. मागच्या टोकाकडून साउंडवालीनं हात वर केला.

पहिल्या आवर्तनाला त्यांची बोटं जपून चालली. दुसऱ्याला स्थिर झाली. तिसऱ्याला सभागृहातली कुजबुज थांबली. एक म्हातारे गृहस्थ काठीनं हलकेच ठेका धरायला लागले. चौथ्याला खर्जरावांनी डोळे मिटले आणि एक लांब सूर सोडला. तो हळूहळू, आपल्या मर्जीनं बसत गेला. गायिका माइकपाशी आली, श्वास घेतला, तोंड उघडलं.

खर्जरावांनी पाचवं आवर्तन सुरू केलं.

गायिकेनं तोंड मिटलं. मास्तरांनी डावा हात वर केला, पण खर्जरावांचे डोळे मिटलेले. सहावं झालं, सातवं झालं. गेल्या महिनाभरात कधीही न वाजवलेल्या वाटेनं ते खाली उतरत गेले आणि तिथून बिनचूक वर आले. सातव्या रांगेत बायको दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती. आठव्या आवर्तनाला गायिकेनं माइक सोडला, स्टेजच्या कडेला जाऊन एका खुर्चीवर पाय पसरून बसली आणि लोकांकडे बघून खांदे उडवले. सभागृहात हशा पिकला. तेव्हा कुठे खर्जरावांनी डोळे उघडले.

"संपलं?" त्यांनी दचकून विचारलं. माइक जवळच होता. तो खर्ज आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला.

"चार ठरली होती," गायिका खुर्चीवरूनच म्हणाली.

"मोजायची राहून गेली."

"आणखी घ्या!" काठीवाले गृहस्थ ओरडले.

खर्जरावांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि हात मांडीवर ठेवला. मग खर्जरावांनी थोरलीची मान नीट धरली आणि आणखी चार घेतली.